सातव्या पेटीची वर्दळ

“मग चालू आहे हे ओळखायचं तरी कसं, बुवा?”

जनार्दनने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्याच्या हातात वही उघडी होती. दुसऱ्यांदा ती मिटली होती. आता ती कुठे ठेवली, हेही त्याला आठवत नव्हतं.

बुवांनी धुनीतलं लाकूड पुढे सारलं.

“चालू हाय असं तूच म्हनालास न्हवं?”

“म्हणालो. पण तुम्ही ‘कशावरून’ विचारलंत.”

“मग सांग की.”

“सांगितलं ना. वर्दळ सांगितली. आवाज सांगितला...”

“त्ये ऐकलं. चालू कशावरनं?”

जनार्दनने माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे पाहिलं. मला तरी कुठे माहीत होतं.

आधी कोण कोण ते सांगून टाकतो.

मी पायथ्याच्या गावचा निवृत्त पोस्टमन. नोकरीत असताना या मठीला महिन्याकाठी एखादं पत्र यायचं. तेवढ्यासाठी मी अख्खा डोंगर चढायचो आणि मनातल्या मनात शिव्या द्यायचो. निवृत्त झालो आणि पत्र नसतानाही चढायला लागलो. का, ते विचारू नका.

बुवा म्हणजे दौलतगिर गोसावी. मठी म्हणजे दोन खोल्या, एक धुनी आणि मागच्या अंगाला मधमाश्यांच्या सहा लाकडी पेट्या. बुवा दिवसातला निम्मा वेळ धुनीपाशी असतात आणि निम्मा पेट्यांपाशी. दोन्हीकडे ते सारखेच गप्प असतात.

जनार्दन पार्टे तीन वर्षांपूर्वी आला. त्याआधी तो शहराकडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. हुशार माणूस. आल्या आल्या त्याने मठीची कौलं शाकारली, झऱ्याचं पाणी नळाने आणलं, धुनीच्या लाकडांना वेगळं छप्पर केलं. त्याला गर्व होता, नाही असं नाही. पण कामाच्या माणसाला असतो तितकाच, असं मी म्हणायचो. बुवा काहीच म्हणायचे नाहीत.

यंदा त्याला खाली उतरायचं होतं. श्रावणापासून तो आमच्या शाळेच्या ओट्यावर रोज संध्याकाळी प्रवचन करायचा आणि लोक झुंबड करून यायचे. गावाने त्याच्यासाठी ओढ्याकाठी पत्र्याची शेड उभी केली होती. घटस्थापनेला तिथे नवी धुनी पेटायची होती. पण या गोसाव्यांत नवी धुनी काडी ओढून पेटवत नाहीत. ती जुन्या धुनीच्या विस्तवाने पेटते, आणि तो विस्तव गुरूने आपल्या हाताने द्यावा लागतो.

अक्षय्य तृतीयेला बुवांनी त्याला सातवी पेटी भरून दिली होती. राणी, माश्या, पोळ्यांच्या पाच चौकटी, सगळं. म्हणाले होते, “घटस्थापनेपतुर ही नांदती ठेव. मग इस्तू घेऊन जा.”

घटस्थापना चार दिवसांवर आली होती. जनार्दन सकाळीच वही घेऊन बुवांपुढे बसला होता आणि दुपार झाली तरी तिथेच अडकला होता.

“कारखान्यात बरं होतं,” तो मला हळूच म्हणाला. “मशिनीवर हिरवा दिवा लागला की मशीन चालू.”

हळू बोललेलं बुवांना नेमकं ऐकू जातं.

“आन मशिनीत माल घालायचा राहिला तर?”

“तरी... हिरवाच लागायचा.”

“हां.”

बुवा उठले. आम्हीही उठलो.

आठ दिवसांनी ऊन पडलं होतं. डोंगरावरची पिवळी सोनकी नुकती फुलायला लागली होती, तेवढ्यात धुकं बसलं होतं ते आज उठलं. पेट्या एका ओळीत, दगडांवर ठेवलेल्या. बुवांच्या सहा पेट्यांच्या दारांवर माश्यांची ये-जा होती, बेताची. सातवीच्या दारात मात्र रेटारेटी चालली होती. माश्या घुसत होत्या, निघत होत्या, एकमेकींच्या अंगावरून जात होत्या. काही तर झाकणाच्या फटीतूनही शिरत होत्या. दार कमी पडत होतं बिचाऱ्यांना.

“वा,” मी म्हणालो. खरंच म्हणालो. लांबून म्हणालो, कारण मला माशी चावली की सूज आठवडाभर उतरत नाही.

जनार्दनचा चेहरा जरा उजळला.

“बघा ना, बुवा. पहाट फुटली की सुरू होतात, दिवेलागणीपर्यंत थांबत नाहीत. तुमच्या कुठल्याही दोन पेट्या मिळूनसुद्धा इतकी वर्दळ नाही. मी मोजलंय.”

“कान लाव.”

जनार्दनने तोंडावर जाळी ओढली आणि पेटीला कान लावला.

“घुमतंय. जोरात.”

“कोन घुमतंय?”

“माश्या.”

“कुनाच्या?”

जनार्दनने कान काढला. मग पुन्हा लावला. या प्रश्नाचं उत्तर पेटीतून येईल असं त्याला वाटलं असावं.

“...पेटी माझी, मग माश्याही माझ्याच ना?”

बुवा दारासमोर उकिडवे बसले आणि बघत राहिले. त्यांना जाळी लागत नाही.

“आत काय जातंय?” बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

“माश्या.”

“भाईर काय येतंय?”

“माश्या.”

“जाताना कशा हायेत? येताना कशा हायेत?”

“सारख्याच आहेत, बुवा. माशीसारख्या.”

हे उत्तर मला पटलं. मलाही माश्या माश्यांसारख्याच दिसत होत्या.

बुवांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते कळलं नाही.

“धुनीवरचं ताट आन. आन फडकं.”

ते ताट अंगाऱ्याचं. धुनीतली राख बुवा फडक्यातून वस्त्रगाळ करून त्यात ठेवतात, आणि मठीतून कुणीही खाली उतरताना वाकतो तेव्हा त्याच्या कपाळाला चिमूटभर लावतात. जनार्दनने ताट दोन्ही हातांनी धरून आणलं. पायांतल्या वहाणा त्याने मधेच काढून टाकल्या होत्या.

बुवांनी राख फडक्यात बांधली आणि सातव्या पेटीच्या दारावर धरून हलकेच झटकली. बाहेर पडणाऱ्या माश्यांवर पांढुरकी धूळ बसली. पुन्हा झटकली. माश्या राख घेऊन उडाल्या.

जनार्दनने हात जोडले. डोळे मिटले.

“काय करतोस?” बुवांनी विचारलं.

“तुम्ही... पेटीला अंगारा लावलात ना?”

“डोळं उघड. डोळं मिटून कसं दिसंल?”

त्याने उघडले. पण काय बघायचं ते त्याला कळेना. मग त्याने डोकं लढवलं. माश्या फुलांवर जाणार, मकरंद घेणार, आणि राखेसकट इथेच परत येणार. म्हणजे त्या परत आल्या की पेटी चालू, हे सिद्ध झालं. त्याने मला ते सगळं समजावून सांगितलं. मला बरोबर वाटलं. आम्ही दोघं सातव्या पेटीसमोर बसलो, तो जवळ आणि मी लांब, आणि राखेची माशी परत यायची वाट बघू लागलो.

आली नाही.

माश्या येत होत्या, ढिगाने येत होत्या, पण स्वच्छ. राखेची एकही नाही.

“लांब गेल्या असतील,” जनार्दन म्हणाला.

“असतील,” मी म्हणालो.

बुवा आमच्यापाशी नव्हतेच. ते ओळीच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या दोन नंबरच्या पेटीसमोर बसले होते.

“बुवा, इकडे,” जनार्दनने हाक मारली. “इकडे परत येतील त्या.”

“तू हिकडं ये.”

आम्ही गेलो.

दोन नंबरच्या दारावर एक पांढुरकी माशी उतरली आणि आत गेली. मागोमाग दुसरी. मग एकदम तीन. चार नंबरच्या दारावरही तेच. राखेने माखलेल्या माश्या जड अंगाने येऊन फळीवर टेकत होत्या आणि सरळ आत चालत जात होत्या.

“वाट चुकल्या,” जनार्दन म्हणाला.

बुवा गप्प.

“वाट चुकून तुमच्या पेटीत शिरल्या. ऊन एकदम पडलं ना आज.”

मग जनार्दनचा आवाज बदलला, ओट्यावर बदलतो तसा. “का मुद्दामच आल्या, बुवा? तुमच्याकडे? मुक्या जिवांनाही कळतं, कुठे जायचं ते...”

आता यावर तो प्रवचन करणार, असं मला वाटलं. बुवांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी बोट दाराकडे केलं.

“दारावरची राखनदार माशी त्यास्नी आडवतिया का?”

जनार्दनने वाकून बघितलं. “नाही.”

“परकी माशी आली तर?”

“अडवते. मारते. तुम्हीच शिकवलंत.”

“मग ह्यास्नी का आडवत न्हाई?”

जनार्दन आणखी खाली वाकला.

“घरच्याला कोन आडवंल, जना?”

जनार्दन उभा राहिला. पुन्हा बसला. एकदा दोन नंबरकडे आणि एकदा सातवीकडे बघितलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. सगळं कळलंय आणि काहीच कळलं नाही, असा तो चेहरा होता. मग तो धावतच सातव्या पेटीकडे गेला आणि त्याने झाकण काढलं.

माश्यांचा लोट वर आला. त्यातल्या बहुतेक भरल्या पोटाने उडून सरळ बुवांच्या पेट्यांकडे गेल्या.

चौकट उचलली. रिकामी. दुसरी उचलली. तीही रिकामी. मधाची घरं कडांनी कुरतडून फाडलेली, तळाला मेणाचा भुगा. तिसरी तशीच, चौथी तशीच. पाचव्या चौकटीच्या कोपऱ्यात मुठीएवढा पुंजका होता. शे-दोनशे माश्या, एकमेकींना चिकटून, हलत नव्हत्या. त्यांच्या मधोमध राणी.

“एवढ्याच?” जनार्दन म्हणाला. “माझ्या... एवढ्याच आहेत?”

बुवा मागून आले. त्यांनी चौकट त्याच्या हातातून हळूच काढून घेतली.

“पाक कवा ठेवत व्हतास?”

फुलं नसतात तेव्हा पेटीत साखरेचा पाक ठेवावा लागतो. तो दिवेलागणीला ठेवायचा, सगळ्या माश्या आपापल्या घरात बसल्यावर. दिवसा ठेवला तर वास सुटतो आणि शेजारच्या पेट्यांना आयतं घर सापडतं. इतकं मलाही ऐकून ऐकून माहीत होतं.

“दुपारी,” जनार्दन म्हणाला. “संध्याकाळी मला खाली जायचं असायचं. ओट्यावर.”

तो ओल्या गवतात बसला आणि रडला. मला त्याची फार दया आली. थोडा रागही आला, पण तो माझा मलाच आला. वा म्हणणारा मीच होतो.

“म्हणजे तुमच्या माश्यांनी लुटली,” जनार्दन थोड्या वेळाने म्हणाला. “बुवा, तुमच्याच पेट्यांनी.”

“व्हय. माझ्याच.”

“तुम्हाला माहीत होतं?”

बुवांनी हातातली चौकट पेटीत परत ठेवली.

“न्हवतं. आठ दिस धुकं, फुलोऱ्याचा पत्ता न्हाई, आन काल माझी पेटी उचलून बघितली तर जड. मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. रातभर बरं वाटलं... मग सकाळच्या पारी तुला इचारलं, तुझी चालू हाय का.”

मी आजवर बुवांच्या तोंडून एकावेळी इतकी वाक्यं ऐकली नव्हती. आणि त्या वाक्यांनी माझा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला. चूक जनार्दनची, लूट बुवांच्या माश्यांची, मध बुवांच्या पेटीत, आणि शिष्याला जाब विचारणारेही बुवाच. यात गुरू कुठे संपतो आणि चोर कुठे सुरू होतो?

विचारायचं धाडस झालं नाही.

कामाला लागलो. बुवांनी सातव्या पेटीचं दार लाकडाची पट्टी ठोकून इतकं बारीक केलं की एका वेळी एकच माशी जावी. झाकणाच्या फटी शेणमातीने लिंपल्या. दारापुढे ओलं गवत पसरलं. मग दोन नंबरची पेटी उघडून मधाने भरलेल्या दोन चौकटी काढल्या, त्यांवरच्या माश्या हलक्या हाताने तिथेच झटकल्या, आणि चौकटी सातवीत, त्या पुंजक्याच्या दोन बाजूंना ठेवून झाकण लावलं. बुवा सांगतील ते जनार्दन हातात देत होता. त्याची जाळी बाजूला पडली होती. दोनदा चावलं, तरी त्याचे हात थांबले नाहीत.

लुटायला आलेल्या माश्या गवतावर घिरट्या घालत राहिल्या. दार सापडेना तशा एक एक करून गेल्या.

वर्दळ थांबली.

सातवी पेटी आता अगदी गप्प झाली. दारावर कुणी नाही. जनार्दनने कान लावला.

“काहीच ऐकू येत नाही, बुवा. बंद पडल्यासारखी दिसते.”

“दिसू दे.”

आम्ही तिघं बसून राहिलो. ऊन कलायला लागलं. मला उतरायची घाई होती, पण उठवेना.

“वट्यावर लोक किती येत्यात?” बुवांनी सहज विचारलं.

“ओटा भरतो. मग लोक खाली पटांगणात बस...” जनार्दन मधेच थांबला.

“आन जाताना?”

“जाताना... जातात.”

“कशी?”

जनार्दनने माझ्याकडे पाहिलं. “काका, तुम्ही असता ना तिथे. मी काय सांगतो हो त्यांना?”

मला खोटं बोलता आलं असतं. पण समोर ती पेटी होती.

“बुवा इथं सांगतात तेच,” मी म्हणालो. “जरा लांबवून.”

त्याने मान खाली घातली. तो मनात काहीतरी जुळवत होता आणि ते जुळत नव्हतं, हे मला बाहेरून दिसत होतं.

“मग मी कोण, बुवा?” तो शेवटी म्हणाला. “मला लुटतायत, का मीच लुटतोय? मी पेटी, का माशी?”

बुवा पेटीकडे बघत होते. त्यांनी फक्त हात वर करून त्याला थांबवलं.

एक माशी आली होती. गवतावर उतरली, चाचपडली, गवताच्या काड्यांखालून वाट काढत त्या बारीक दारापाशी पोचली. तिच्या मागच्या दोन्ही पायांवर पिवळ्या रंगाच्या दोन बारीक गोळ्या होत्या. सोनकीचे पराग. दारातल्या माशीने तिला हुंगलं आणि वाट दिली. ती आत गेली.

मग पुन्हा काहीच नाही.

“एक,” जनार्दन पुटपुटला. “एकच. बुवा... ही चालू आहे?”

बुवा गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि धुनीकडे चालू लागले.

आम्ही मागोमाग गेलो. खाली गावात लोक निरोपाची वाट बघत असणार, हे जनार्दनला ठाऊक होतं आणि मलाही. विस्तव मिळणार की नाही, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. सकाळी जनार्दनने विस्तवासाठी लोखंडी घमेलंसुद्धा घासून पुसून ठेवलं होतं. ते दाराशी तसंच उपडं पडलं होतं.

“लोकांना काय सांगू?” त्याने विचारलं.

धुनीतलं एक लाकूड फुटलं. बुवांनी ते चिमट्याने सारखं केलं.

“बुवा, विस्तव देणार का नाही, तेवढं सांगा. नाही म्हणालात तरी चालेल.”

बुवांनी अंगाऱ्याचं ताट पुढे ओढलं. राख अर्धी संपली होती.

जनार्दन नेहमीप्रमाणे वाकला. तीन वर्षं रोज वाकत होता तसाच. आणि बुवांचा हात त्याच्या कपाळाशी आला तेव्हा जनार्दन अर्ध्यातच थिजला. त्याने ताटाकडे बघितलं, मग बुवांच्या चिमटीकडे, मग दारातून दिसणाऱ्या पेट्यांच्या ओळीकडे.

अकरा वर्षं मी याच ताटातला अंगारा लावून हा डोंगर उतरतो आहे. माझा हात आपोआप माझ्या कपाळाकडे गेला.

बुवांनी त्याच्या दोन्ही भुवयांच्या मधे चिमूट टेकवली आणि अंगठ्याने नीट, ठळक ओढली.

“जा आता,” ते म्हणाले. “कुठं जाऊन बसतोस, त्ये बघू दे.”